मॅटप्लॉटलिबमधला (पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी) आलेख सेव्ह केला की फाइल कोरी का येते?

आलेख फाइलमध्ये साठवणारं सेव्हफिग (savefig) आधी, तो पडद्यावर दाखवणारं शो (show) नंतर, एवढा क्रम बदला. शोची खिडकी बंद केलीत की तो आलेख हातचा गेला. मग सेव्हफिग नवाच रिकामा आलेख उघडतं आणि तोच पांढरा कागद फाइलमध्ये जातो.

प्रबंधासाठी पीडीएफ घ्या, कितीही मोठा केला तरी रेघा धूसर होत नाहीत. पीएनजीच हवं असेल तर डीपीआय (दर इंचातले ठिपके) ३००. अक्षाचं नाव कडेला कापलं जात असेल (माझ्या प्रिंटमध्ये वाय अक्षावरचं 'टेम्परेचर' अर्धंच आलं होतं) तर सेव्हफिगमध्ये 'बीबॉक्स इंचेस'ला (bbox_inches) 'टाइट' (tight) द्या.

लूपमध्ये आलेख काढत असाल तर प्रत्येक सेव्हनंतर आलेख मिटवणारं क्लोज (close) हवंच. २० पेक्षा जास्त आलेख उघडे राहिले की इशारा येतो. तो नुसता बंद करून टाकू नका, रॅम खरंच भरत जाते.