विचारा की काका : दीडशे ग्रॅम हॉप्स आणि उघडी बरणी

प्रश्न : काका, मी राजारामपुरीचा, दोन वर्षांपासून लीड्सला नोकरीला. इथं पहिल्यांदाच थेट धान्यापासून पेल एल (फिकट सोनेरी बीअर) केली. २० लिटरला साडेचार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), पाव किलो क्रिस्टल माल्ट. ६६ अंशांवर तासभर भिजवलं, घनत्व (पाण्यात किती साखर उतरली त्याचं माप, आंबताना ते खाली येतं) १.०५० आलं. कॅस्केड जातीचे हॉप्स (बीअरला कडूपणा आणि वास देणारी वेलाची फुलं) १०० ग्रॅम उकळी फुटताच घातले, ५० ग्रॅम आंबून झाल्यावर. बाटल्या भरताना मगानं ओतून घेतली. सुरुवातीला वास झकास, पण चव कडू जहर. महिन्याभरात सोनेरीची तपकिरी झाली, वास गेला, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. माल्ट जुना होता का?

उत्तर : माल्टला बोल लावू नकोस. १.०५० आलंय म्हणजे धान्यानं आपलं काम केलंय. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून माझं आयुष्य ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजण्यात गेलं, त्यामुळं एवढं छातीठोक सांगतो. बीअर मात्र मी निवृत्तीनंतर शिकलो, शेफील्डला जावयाच्या गॅरेजमध्ये. तुझ्या दोन्ही चुका मी तिथं करून बसलोय.

कडूपणाचं आधी. हॉप्समधलं अल्फा आम्ल उकळताना रूप बदलतं आणि मगच कडू लागतं. जितका वेळ उकळशील तितकं जास्त. कॅस्केडमध्ये ते साधारण ५ ते ७ टक्के असतं. १०० ग्रॅम तासभर उकळलेस तर आयबीयू (कडूपणाचं माप) ७० च्या आसपास जातो. पेल एलला ३५-४० पुरे. वर पपनसाच्या सालीसारखा वास देणारी तेलं वाफेबरोबर उडाली ती वेगळीच. कोथिंबीर कुणी फोडणीत घालतं का लेका? तेच दीडशे ग्रॅम असे वाट : सुरुवातीला ३५, शेवटची दहा मिनिटं राहिली की २५, गॅस बंद करून ८० अंशांवर उतरलं की ४० घालून वीस मिनिटं झाकून ठेव. उरलेले ५० आंबवणात.

पण तुझी बीअर मेली ती हवेनं. आमच्या घरी उन्हाळ्यात डंकावरून चटणी कुटून आली की आई ती बरणीत मुठीनं दाबून दाबून भरायची. वर हिंगाचे खडे, तोंडाला दादरा. मधे जागा राहिली की ओरडा बसायचा. एका वर्षी मी बरणी उघडी टाकून खेळायला गेलो. लालभडक चटणी वरून काळपट पडली, ती वर्षभर माझ्याच ताटात वाढली गेली. हॉप्सचा वास त्या चटणीहून नाजूक. आंबवण चालू असेपर्यंत यीस्ट आत आलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं. ते निजलं की मगानं ओतलेला प्रत्येक थेंब हवा घेऊन बाटलीत जातो.

म्हणून शेवटचे ५० ग्रॅम सगळं शांत झाल्यावर नको, घनत्व १.०१५ च्या आसपास असताना घाल, तीन दिवस पुरेत. झाकण उघडून रोज वास घ्यायचा मोह आवर (मला जावयानं दोनदा पकडलंय). घनत्व १.०१० ते १.०१२ ला येऊन दोन-तीन दिवस हललं नाही की मगच बाटल्या. घाईत भरलेली बाटली फुटते. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकव, खळखळ आवाज येता कामा नये. फसफशीसाठी २० लिटरला १२० ग्रॅम साखर. बाटल्या अंधारात ठेव आणि महिन्या-दीड महिन्यात संपव. ही काही मुरवायची गोष्ट नव्हे.

प्रश्न : हे सगळं इथं शाहूपुरीत घरी करता येईल का? गच्चीवर हॉप्सचा वेल लावला तर?

उत्तर : नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरापुरती बीअर काढायला परवाना लागत नाही. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय गाळणं-आंबवणं गुन्हा. माझी भांडी शेफील्डलाच आहेत. वेल हौसेनं लावा, पण हॉप्सला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. आपल्या देशात तो लाहौलच्या खोऱ्यात पिकतो. पंचगंगेकाठी ऊसच बरा.

प्रश्न : मुलगा-सून जर्मनीत बीअर करतात. चार-पाच किलो ओलं धान्य उरतं, सून टाकून देते. जीव तुटतो हो. काही करता येईल?

उत्तर : वहिनी, येईल की. साखर निघून गेलेली असते, कोंडा आणि प्रथिनं उरतात. त्याच दिवशी ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबट वास सुटतो. मग दळून थालीपीठाच्या भाजणीत वाटीला दोन चमचे. जास्त घातलं तर फोलपटं घशाला टोचतात, आमच्या हिनं एकदा निम्मं घातलं होतं. आणि त्यांच्याकडं कुत्रं असेल तर हॉप्सचा चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. कुत्र्याला तो विषारी, ताप चढून जीवही जातो.