कॅशमधला एसव्हीजी नकाशा आणि शिरपूरच्या पानावर रंगलेला शहादा

भाऊ, तुमचा प्रश्न मला कसा कळला ते आधी सांगतो. चुकलं असेल तर लगेच टोका.

खान्देशच्या नकाशाची एक एसव्हीजी (आकार मजकुरात लिहून ठेवणारी) फाइल आहे. जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ असे २५ तालुके, प्रत्येकाचा वेगळा पाथ (सीमारेषेचा आकार). जावा आणि बॅटिक (एसव्हीजीची चित्रं काढणारी जावाची लायब्ररी) वापरून प्रत्येक तालुक्याच्या पानासाठी एक पीएनजी काढायची. तो तालुका पावसाच्या आकड्याप्रमाणे रंगवायचा, बाकीचे फिके ठेवायचे. फाइल सारखी सारखी वाचायला नको म्हणून पार्स केलेलं (वाचून मेमरीत झाडासारखं उभं केलेलं) डॉक्युमेंट तुम्ही कॅश म्हणून कॉन्करंटहॅशमॅपमध्ये (किल्ली देऊन वस्तू काढायच्या जावाच्या कोठारात) ठेवलंत. लॅपटॉपवर एकेक चित्र काढताना सगळं ठीक. सर्व्हरवर ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) सुरू केले की कधी नलपॉइंटरएक्सेप्शन (रिकाम्या जागी हात घातल्याची चूक), तर कधी शिरपूरच्या पानावर शहादाही रंगलेला. मग रंग भरणारी आणि चित्र काढणारी अशा दोन्ही मेथडना सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकच थ्रेड आत, असं कुलूप) लावलंत. एक्सेप्शन गेलं, रंगांचा घोळ मात्र तसाच. म्हणून तुम्ही विचारताय की बॅटिकमध्येच बग आहे का.

बग नाही. तुम्हाला दोन वेगळे आजार आहेत आणि तुमच्या गोळीने त्यातला एकच बरा झाला.

रंगांचा आजार सोपा आहे, तो आधी घेतो. पहिल्या थ्रेडने कुलूप घेतलं, शिरपूर गडद केलं, कुलूप सोडलं. आता त्याला चित्र काढायच्या मेथडसाठी तेच कुलूप परत घ्यायचं आहे, पण मधल्या फटीत दुसरा थ्रेड शिरला. त्याने त्याच डॉक्युमेंटमध्ये शहादा गडद केला आणि तो बाहेर पडला. मग पहिल्याने चित्र काढलं. त्यात दोन्ही तालुके रंगलेले येणारच! दोन्ही मेथड आपापल्या जागी सुरक्षित आहेत, पण ‘रंग भरणं, चित्र काढणं, रंग पुसणं’ हे मिळून एक काम आहे आणि त्या अख्ख्या कामाला कुलूप नाही. कॉन्करंटहॅशमॅपचीही इथे काही मदत होत नाही. तो फक्त किल्ली आणि वस्तूची जोडी सांभाळतो. वस्तू बाहेर काढून आठ जणांनी एकदम हाताळली, तर त्याला त्याचं देणंघेणं नाही.

एक्सेप्शनचा आजार जरा खोल आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. आपल्याला वाटतं की मी डॉक्युमेंटमध्ये काही बदललंच नाही, नुसतं चित्र काढलं, म्हणजे नुसतं वाचलं. बॅटिकमध्ये चित्र काढणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. चित्र काढताना डॉक्युमेंटवर बरंच काही लिहिलं जातं.

बघा कसं. डॉक्युमेंट पहिल्यांदा चित्रासाठी घेतलं की त्याला सीएसएस इंजिन (रंग-रेषांचे नियम लावणारा भाग) आहे का ते तपासलं जातं आणि नसेल तर नवं बनवून चिकटवलं जातं. दोन थ्रेड एकदम आले तर दोघांनाही ‘नाही’ दिसतं आणि दोघंही चिकटवतात. पुढे प्रत्येक एलिमेंटची अंतिम स्टाइल काढली की ती त्या एलिमेंटवरच साठवली जाते, पुढच्या वेळी पुन्हा हिशेब नको म्हणून. त्याहून वाईट म्हणजे स्टाइल जुळवताना इंजिन सध्या कोणत्या एलिमेंटवर आहे हे स्वतःच्याच एका फील्डमध्ये धरून ठेवतं आणि काम उरकलं की ते फील्ड नल करतं. तुमचा एक थ्रेड शिंदखेड्याच्या पाथवर अर्ध्यात असताना दुसऱ्याने त्याचं उरकलं आणि फील्ड नल केलं, की पहिला तोंडावर पडलाच. तुमच्या स्टॅक ट्रेसमध्ये (एक्सेप्शन कुठून आलं त्याच्या यादीत) सीएसएसचे क्लास दिसत असतील तर बहुधा इथेच.

आणि यूज टॅग. एखादं चिन्ह एकदा सिम्बॉल म्हणून लिहून ते यूजने चार ठिकाणी वापरलं, तर चित्र काढताना बॅटिक त्या चिन्हाची प्रत करून यूजच्या एलिमेंटखाली सावलीसारखी एक छोटी शाखा लावतं. ही शाखा त्याच डॉक्युमेंटला लागते. दोन थ्रेड एकाच यूजवर आले तर एकाने लावलेली शाखा दुसरा काढून टाकू शकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सावद्याकडच्या एका केळी पॅकिंगवाल्यांसाठी आम्ही खोक्यांवरची लेबलं छापायचं सॉफ्टवेअर केलं होतं. टेम्प्लेट एसव्हीजी. त्यावर शेतकऱ्याचा कोड, गाव, वजन, आणि कोपऱ्यांत केळीच्या घडाचं चिन्ह यूजने तीनदा. तुमच्यासारखंच, डॉक्युमेंट एकच, कॅशमध्ये. हंगामाआधी चार-दोन लेबलं छापून बघितली, झकास. हंगाम सुरू झाला, एकदम सहा प्रिंटर चालले, आणि काही लेबलांवरचे घड गायब. आम्ही प्रिंटरच्या शाईला दोष दिला, डिझाइनरला फाइल बदलायला लावली (त्याची मी अजून माफी मागितलेली नाही). दोन दिवसांनी तिथल्या सुपरवायझरचा फोन. माणूस अमळनेरकडचा, थेट अहिराणीत: “भाऊ, हाई काय व्हयनं? खोकं सावदानं, नाव फैजपूरनं!” तेव्हा डोक्यात उजेड पडला.

त्यानंतरही मी दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. पहिली, शोध घ्यायला जागोजागी लॉग टाकले. लॉग लिहिण्यात वेळ जातो, त्यामुळे थ्रेड एकमेकांवर आदळायचे कमी झाले आणि दोष जणू नाहीसाच झाला. लॉग काढले की परत हजर. दुसरी चूक म्हणजे थ्रेडलोकल. प्रत्येक थ्रेडला स्वतःचं डॉक्युमेंट दिलं. घड परत आले, आम्ही खूश. पण ज्या शेतकऱ्याच्या नोंदीत गाव रिकामं होतं तिथे आमचा कोड गावाची ओळ भरायची टाळायचा, आणि त्या थ्रेडने आधी छापलेलं गाव तिथे तसंच राहायचं. म्हणजे थ्रेडचा प्रश्न सुटला होता, पण वापरलेली वस्तू न धुता परत वापरायचा प्रश्न शिल्लकच होता. शिवाय तुम्ही जावा २१ वरचे व्हर्च्युअल थ्रेड वापरणार असाल तर तिथे साधारणपणे प्रत्येक कामाला नवा थ्रेड असतो. थ्रेडलोकलमधली कॅश मग दर वेळी रिकामीच मिळते, फायदा शून्य.

आता उपाय.

आधी निदान पक्कं करा. रंग भरण्यापासून पीएनजीचे बाइट हातात येईपर्यंतच्या अख्ख्या कामाला एकच कुलूप लावा, आणि बाहेर पडताना फायनलीमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) रंग मूळ जागी आणा. वेग कमी होईल, होऊ द्या. घोळ पूर्ण थांबला तर दोष सामायिक डॉक्युमेंटचाच. न थांबल्यास रंग पुसणारा कोड तपासा. त्याच वेळी डिझाइनरने तालुक्यांचा रंग स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये लिहिलाय का तेही बघून घ्या. इंकस्केपच्या फाइलींत बहुधा तसाच असतो, आणि तुम्ही वेगळं फिल ॲट्रिब्यूट लावलं तरी चालते ती स्टाइलच. मग ‘रंग लागत नाही’ म्हणून थ्रेडना उगाच शिव्या बसतात.

कायमचा उपाय म्हणून माझी पहिली पसंती सगळ्यात साध्याला: कॅशमध्ये डॉक्युमेंट ठेवूच नका, फाइलचे बाइट ठेवा. बाइट ॲरेमध्ये कुणी लिहीत नाही, त्यामुळे तो कितीही थ्रेडनी वाचला तरी बिघडत नाही. प्रत्येक कामाला त्या बाइटमधून नवं डॉक्युमेंट पार्स करा, रंगवा, चित्र काढा, सोडून द्या. “पण पार्सिंगला वेळ लागतो ना?” लागतो, पण आधी मोजा. आमच्या लेबलात पार्सिंगपेक्षा चित्र काढायलाच कितीतरी जास्त वेळ जात होता, आणि मी तर पार्सिंग वाचवायला निघालो होतो.

मोजल्यावर पार्सिंगच जड निघालं, समजा तालुक्यांच्या सीमा फारच बारीक बिंदूंनी काढल्या आहेत, तर एक मूळ प्रत ठेवा जिच्यावर कधीही चित्र काढायचं नाही, आणि दर कामाला क्लोननोडने तिची खोल प्रत घ्या. प्रत घेताना कुलूप लावा. ते क्षणभराचं असतं, त्याची कंजुषी नको. लेबलांसाठी आम्ही शेवटी यावरच आलो. डॉक्युमेंटऐवजी त्यातून बांधलेलं जीव्हीटीचं (प्रत्यक्ष काढायच्या आकारांचं) झाड वाटून घेऊ, असं कुणी सुचवेल. नको. त्यातले नोडही आपल्या सीमा पहिल्यांदा विचारल्यावर मोजून स्वतःतच साठवतात, म्हणजे गोष्ट तीच.

प्रतींमुळे मेमरी खाल्ली जाईल ही भीती तुम्ही लिहिलीय. खरी मेमरी चित्राच्या पिक्सेलना लागते. २००० बाय २००० चं चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १ कोटी ६० लाख बाइट. ८ थ्रेड म्हणजे १२ कोटी ८० लाख. त्यापुढे डॉक्युमेंटच्या आठ प्रती किरकोळ. तेव्हा थ्रेड किती ठेवायचे ते पिक्सेलच्या हिशेबाने ठरवा.

पण हे सगळं लिहिताना माझं लक्ष तुमच्या एका वाक्यावर परत परत जातंय. तुम्ही म्हणता की पावसाचे आकडे रोज सकाळी एकदाच येतात. मग ८ थ्रेड कशाला, भाऊ? २५ तालुके, मोबाइलचा आणि मोठ्या पडद्याचा असे २ आकार, म्हणजे दिवसाला ५० चित्रं. आकडे आले की एकाच थ्रेडने एकामागून एक पन्नास काढा, डिस्कवर ठेवा आणि दिवसभर तीच वाटा. तयार पीएनजी ही वाटून घ्यायला सगळ्यात चांगली गोष्ट. फाइलच्या नावात तालुका, तारीख आणि आकार तिन्ही असू द्या. तारीख विसरलात तर कालचा पाऊस आज दिसेल, आणि शेतकरी ते आपल्याआधी ओळखतात. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, म्हणजे अर्धवट लिहिलेलं चित्र कुणाच्या हाती पडणार नाही. पुढे वापरणाऱ्याला पीक, कालावधी वगैरे निवडता येणार असेल, तेव्हा वरचा बाइटवाला मार्ग आहेच.

दुरुस्ती खरी झाली की नाही हे तपासायची रीत अशी. एका थ्रेडने २५ चित्रं काढून प्रत्येकाचा एसएचए-२५६ हॅश (बाइटवरून काढलेला ठसा) लिहून ठेवा. मग ३२ थ्रेड काउंटडाउनलॅचपाशी अडवून एकदम सोडा, तालुके उलटसुलट क्रमाने हजारो वेळा काढा आणि प्रत्येक चित्राचा हॅश मूळ हॅशशी ताडून बघा. एक जरी जुळला नाही तरी नापास. डोळ्यांनी तपासू नका, पन्नासाव्या नकाशानंतर साक्री आणि नवापूर सारखेच दिसायला लागतात.

बॅटिक न वापरणाऱ्यांसाठीही दोन ओळी. जावातल्या झर्सिसचं (एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीचं) साधं डॉमही, म्हणजे मेमरीतलं झाडही, थ्रेडसेफ (अनेक थ्रेडनी एकदम वापरायला सुरक्षित) नाही. तिथे तर मुलांच्या यादीतला अमुकवा नोड मागितला तरी आत एक छोटी कॅश बदलते. क्यूटीवाल्यांनी जीयूआयच्या थ्रेडबाहेर क्यूपिक्समॅपऐवजी क्यूइमेजवर काढावं. अँड्रॉइडवर एकाच रिसोर्समधून घेतलेले ड्रॉएबल आतली स्थिती वाटून घेतात, त्यामुळे एकाला टिंट दिला की दुसऱ्या स्क्रीनवरचाही रंगतो. आधी म्युटेट बोलवा. तिथे तर दुसरा थ्रेडसुद्धा लागत नाही.

तुमच्या नकाशात नदी-धरणांची चिन्हं यूजने लावली आहेत का ते कळवा, आणि एक्सेप्शनच्या स्टॅक ट्रेसच्या वरच्या दहा-बारा ओळी टाका. हतनूर धरणाचं चिन्ह एखाद्या चित्रातून गायब झालेलं सापडलं तर तेही चित्र जोडा.