‘फुटेज खाणे’ कुठून आलं, आणि फुटेज खातातच का?

कोथरूडच्या एका काकूंनी विचारलंय, की त्यांचा कॉलेजात जाणारा नातू घरात कुणी जरा जास्त वेळ बोललं की "आजी, किती फुटेज खातेस" असं म्हणतो, तर हा शब्द बिग बॉसमधून आलाय का, फुटेज ही खायची वस्तू कधी झाली, आणि याला धड मराठी शब्द आहे की नाही. काकू, तिन्ही प्रश्न झकास आहेत, पण खरी गंमत मधल्यात आहे म्हणून त्यावर जरा लांबण लावतो.

बिग बॉसचं आधी उरकतो. मराठीत बिग बॉस आलं २०१८ ला, महेश मांजरेकर सूत्रसंचालक असलेलं. हिंदीत २००६ पासून चालू होतं आणि मूळ डच कार्यक्रम १९९९ चा. पण "फुटेज खाऊ नको" हे मी पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमींमध्ये बिग बॉसच्या बरंच आधीपासून ऐकत आलोय. पुण्यातल्या भरत नाट्य मंदिराच्या स्टेजवर मागे गर्दीत उभं राहायचं काम असलेला एखादा पोरगा उगाच खोकून, टोपी सावरून, लंगडून लक्ष वेधून घ्यायला लागला की डिरेक्टर अंधारातून ओरडणार, "ए, फुटेज नको खाऊस". म्हणजे बिग बॉसने हा शब्द जन्माला घातला नाही. घरोघरी नेला मात्र त्याने आणि त्याच्या भावंडांनी, आणि नेता नेता त्याचा अर्थही थोडा वाकवला.

आता नाटकात कुठलं आलंय फुटेज? शब्द सिनेमाचाच आहे. फुटेज म्हणजे अक्षरशः फुटांत मोजलेली फिल्म. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि सेकंदाला २४ फ्रेम पळतात, म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचा डबा अकरा मिनिटांत संपला. कच्ची फिल्म महाग, बरीचशी बाहेरून यायची, त्यामुळे कुठल्या नटावर किती फूट खर्च करायचे हा शब्दशः हिशेबाचा प्रश्न होता. हिरोवर सढळ हाताने, चरित्र अभिनेत्यावर जपून, आणि गर्दीतल्यावर मिळालंच तर चार फूट. नट एडिटिंग टेबलापाशी घुटमळायचे ते आपले किती फूट कापले हे बघायला. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि मग लॉ कॉलेज रोडच्या आसपास चहा पिणाऱ्या लोकांच्या बोलण्यात हे शब्द असणारच, तिथून नाटकवाल्यांच्या तोंडी जायला फार लांब चालावं लागत नाही. (हा माझा अंदाज आहे हां, पण पुण्यात नाटकवाले आणि सिनेमावाले तेच ते पन्नास लोक असतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना पटेल.)

मग ‘खाणे’ का? ‘मिळवणे’ का नाही, ‘घेणे’ का नाही?

मराठीत आपण काय काय खातो बघा: मार, शिव्या, गटांगळ्या, हेलकावे, हवा, कच, शेण, पैसे, डोकं, वेळ, भाव. यातला पहिला गट सोसण्याचा आहे, मार आणि शिव्या आपल्या वाट्याला येतात. पण पैसे, डोकं आणि वेळ जो खातो तो दुसऱ्याचं खातो, आणि त्याने खाल्लं की दुसऱ्याला तेवढं कमी पडतं. लाच ‘घेतली’ म्हटलं की नुसती क्रिया झाली, पैसे ‘खाल्ले’ म्हटलं की कुणाच्या तरी तोंडचा घास गेला हे आतच आलं. फुटेज याच गटातलं आहे. डबा हजार फुटांचाच आहे, तू चारशे खाल्लेस तर बाकीच्यांनी काय बघायचं? म्हणून फुटेज ‘मिळालं’ म्हणजे नशीब, ‘दिलं’ म्हणजे कृपा, आणि ‘खाल्लं’ म्हणजे आरोप. क्रियापद बदललं की निकाल बदलतो.

यातच आणखी एक बारकावा. ‘भाव खाणे’ म्हणजे तोरा दाखवणे, आढेवेढे घेणे. पण ‘भाव खाऊन जाणे’ म्हणजे कौतुक, छोट्याशा भूमिकेत अमुक अमुक भाव खाऊन गेला असं परीक्षणात शंभर वेळा वाचलं असेल तुम्ही. नुसतं ‘जाणे’ चिकटलं आणि शिवीची शाबासकी झाली. ‘सीन खाल्ला’ हेही असंच, समोरच्या नटाला चिडचिड आणि प्रेक्षकाला टाळी. ‘फुटेज खाऊन गेला’ मात्र अजून अर्ध्या वाटेवर आहे, ऐकणाऱ्याला नीट कळत नाही की कौतुक चाललंय का टोमणा, तरुण पोरं बहुतेक दोन्ही एकदमच करत असतात.

आता रिअ‍ॅलिटी शोने काय केलं ते. सिनेमात फुटेज कुणाला द्यायचं हे आधी लिहिलेलं असतं, भूमिका आहे म्हणून फुटेज आहे. बिग बॉसच्या घरात भूमिकाच लिहिलेली नाही (लिहिलेली असते असं म्हणणारे माझ्याच घरात दोन आहेत, ते सोडा). डझनावारी कॅमेरे चोवीस तास चालू, आणि रात्री आपल्यापर्यंत येणार जाहिराती धरून तास दीड तास. फिल्मचा तुटवडा संपला, कितीही शूट करा, पण दाखवायच्या वेळेचा तुटवडा तसाच राहिला, उलट वाढला. त्यामुळे गुपचूप भांडी घासून वेळेवर झोपणारा सज्जन माणूस त्या एका तासात सापडतच नाही आणि पोळीवरून भांडणारा तिसऱ्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राला नावानिशी ठाऊक होतो. तालमीत डिरेक्टर ज्या गोष्टीसाठी ओरडायचा तीच इथे टिकून राहायची रीत झाली. आणि गंमत बघा, "तू फक्त फुटेजसाठी हे करतेस" असं कॅमेऱ्यासमोर बोट नाचवून सांगणारी बाई त्या मिनिटाला स्वतः काय खात असते?

हे उलटं सिनेमात कसं शिरलं याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. २०११ ला सनी लिओनी हिंदी बिग बॉसच्या घरात होती तेव्हा महेश भट्ट स्वतः त्या घरात जाऊन तिला सिनेमा विचारून आले आणि पुढच्या वर्षी तो आलासुद्धा. आयुष्मान खुराना २००४ ला ‘रोडीज’ हा रिअ‍ॅलिटी शो जिंकला होता, त्याला ‘विकी डोनर’पर्यंत २०१२ उजाडलं, मधे रेडिओ आणि अँकरिंग करून तो तयार झाला, त्यामुळे त्याला नुसतं फुटेजवाला म्हणणं अन्याय होईल. आपल्याकडचं ताजं उदाहरण बारामतीकडच्या सूरज चव्हाणचं. २०२४ ला मराठी बिग बॉस जिंकला आणि २०२५ ला केदार शिंदेंनी त्याला हिरो करून सिनेमा काढला, त्याचं नाव काय तर ‘झापुक झुपूक’, म्हणजे त्याचीच रीलवरची बोली थेट पोस्टरवर. पूर्वी सिनेमातला डायलॉग गल्लीत यायचा, आता गल्लीतला शब्द रीलवरून टीव्हीवर आणि तिथून थिएटरात जातो. त्याच सीझनला दुसरा आला अभिजीत सावंत, तोच पहिला इंडियन आयडॉल. २००५ ला त्याने गाणं म्हणून देश जिंकला आणि २०२४ ला त्याला घरकामाच्या ड्युट्या आणि टास्क करत फुटेज मिळवावं लागलं. वीस वर्षांत काय बदललं ते मला तरी यात नीट दिसतं.

रिअ‍ॅलिटी शोने मराठीला शब्द दिले नाहीत असं मात्र म्हणू नका. सचिन पिळगांवकरांना लोक आता नावापेक्षा ‘महागुरू’ म्हणूनच जास्त ओळखतात, आदेश बांदेकर अख्ख्या राज्याचे ‘भावोजी’ आहेत, आणि मराठी बिग बॉसमध्ये शनिवार-रविवारच्या कानउघाडणीला आधी ‘चावडी’ आणि रितेश देशमुखच्या वेळी ‘भाऊचा धक्का’ म्हटलं, ही दोन्ही नावं मला मनापासून आवडली. नॉमिनेट, टास्क, एलिमिनेट यांना कुणी मराठी शब्द केले नाहीत याचं वाईट वाटतं, पण ‘चावडी’ सुचणारा माणूस त्या ऑफिसात कुणीतरी होता एवढं समाधान आहे.

आता काकूंचा तिसरा प्रश्न. जवळचे शब्द आहेत पण तंतोतंत एकही नाही. ‘पुढे पुढे करणे’ यात लाघवीपणा आहे, कुणाची तरी मर्जी हवी असते. ‘मिरवणे’ला निमित्त लागतं, नवी साडी, नवा जावई. ‘शायनिंग मारणे’ हे आपल्याजवळ नसलेलं दाखवणं. ‘चमकोगिरी’ सगळ्यात जवळची, पण ती पुढाऱ्यांची, तिला फ्लेक्स लागतो आणि नारळ लागतो. फुटेज खायला काहीच लागत नाही, फक्त कुणीतरी बघत असायला हवं. गणपतीत अलका चौकात बघा, मोबाईल वर झाले की मागच्या रांगेतला एक ढोलवाला हमखास पुढे सरकून डोळे मिटून, मान झटकत वाजवायला लागतो, ताल गेला तरी चालेल. त्याला मिरवतोय म्हणा, चमकतोय म्हणा, अर्थ पूर्ण होत नाही. फुटेज खातोय म्हटलं की ताशावाला पण हसतो.

‘चित्रफीत’ किंवा ‘चित्रीकरण’ हे सीसीटीव्हीच्या बातमीत ठीक आहेत, तिथे जरूर वापरा. पण "आजी, किती चित्रीकरण खातेस" असं नातू म्हणणार नाही. शब्द लिंगाने नपुंसक आहे, ‘फुटेज खाल्लं’, काही लोक ‘खाल्ली’ म्हणतात ते माझ्या कानाला खटकतं. आणि काकू, नातवाला उत्तर द्यायचंच असेल तर सांगा, की घर माझं आहे, पोळ्या मी लाटते, त्यामुळे या घरात फुटेज खाल्लं जात नाही, मी वाढते तेवढं मिळतं.