कोविड झालाय, चार महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजू का?
हो, पाजा. सासूबाई काहीही म्हणोत, दूध तोडू नका. कोविड काय किंवा फ्लू काय, पसरतो तो खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, दुधातून नव्हे. उलट तुमच्या शरीरात आजाराशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) दुधातूनच बाळाला मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच स्तनपान चालू ठेवायला सांगितलं होतं.

बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, नाक झाकेल असा मास्क लावा (बाळाला मात्र मास्क नको). छाती दर वेळी धुवायची गरज नाही, त्यावर खोकला असाल तरच. अगदीच उठवत नसेल तर दूध पिळून काढा. घरातल्या धडधाकट माणसाने ते वाटी-चमच्याने पाजावं. तापाला पॅरासिटामॉल चालतं, अ‍ॅस्पिरिन नको. बाळ सुस्त वाटलं, ओढेनासं झालं किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टर गाठा.