रात्री बिल्डिंगला आग लागली तर खाली पळावं की घरातच थांबावं?

तुम्ही विचारलंय, घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर घर घ्यायचं चाललंय, आईंना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, तर रात्री आग लागल्यावर त्यांना घेऊन बाहेर कसं पडायचं?

जिन्यात धूर भरला असेल तर बाहेर पडायचंच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मानपाड्याच्या आमच्या इमारतीत स्टिल्टमधल्या, म्हणजे खांबांवरच्या तळमजल्याच्या पार्किंगमधल्या, मीटर रूमला रात्री दोनच्या सुमारास आग लागली. आम्ही नवव्या मजल्यावर होतो आणि घरातच थांबलो, म्हणून आमच्या घरातली सगळी माणसं धडधाकट आहेत.

जाग आली ती पंखा बंद पडल्यामुळे. मे महिना होता, लाइट गेली की उकाड्यानं माणूस आपोआप उठतो. मग जळक्या वायरचा वास आला. वायरीवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी करपावी तसा तो घसा आणि डोळे धरतो. हा त्रास होतो ते एका अर्थी बरंच, कारण त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. आगीत बहुतेक माणसं भाजून जात नाहीत, धुरानं जातात.

नवऱ्यानं दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली. दार थंड होतं. लॉबीत थोडासाच धूर होता. जिन्याच्या फायर डोअरला, म्हणजे आग आणि धूर अडवणाऱ्या दाराला, काचेची उभी पट्टी असते, तिच्यावर मोबाइलचा टॉर्च मारला तर उजेड काचेवरच अडला. पलीकडे पायरी दिसेना, कठडा दिसेना, नुसता काळा धूर आणि खालून खोकण्याचे आवाज. शेजारचा मुलगा म्हणाला, "वहिनी, तोंडाला रुमाल बांधून धावत उतरू, नऊच मजले आहेत." माझ्या सासूबाई वॉकर धरून दारात उभ्या. मी त्याचा हात धरून त्याला आमच्याच घरात ओढलं आणि दार लावून घेतलं. अशा धुरात धडधाकट माणूससुद्धा दोन-चार मजल्यांत कोसळतो. ओल्या रुमालानं काजळी थोडी अडते, विषारी वायू अडत नाही.

101 ला फोन लागला. पत्ता, विंग, मजला, घरात किती माणसं आणि त्यात वयस्कर कोण, एवढं सांगितलं. टॉवेल भिजवून दाराच्या फटीत कोंबले. बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी वरपर्यंत ठेवलेल्या उभ्या पोकळीत, उघडतात आणि डक्टमधून धूर वर चढतो, म्हणून त्या लावल्या, बाथरूमची दारंही लावली. पाइप गॅसचा मेन कॉक बंद केला. रस्त्याच्या बाजूची बाल्कनी उघडली आणि सगळे तिथे जमिनीवर बसलो, कारण धूर वर तरंगतो, चांगली हवा खाली असते. मुलीला एकच काम दिलं, टॉर्च खाली दाखवत राहायचं. तिला त्याचा फार आधार झाला.

बाळकुमच्या अग्निशमन केंद्रातून बंब आला, पण आमच्या आतल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. बंब फाटकाशी, माणसं वर आणि मध्ये कुणाकुणाच्या कार. तो वेळ मी कधी विसरणार नाही. पुढे पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क लावलेला एक जवान आमच्या दारापर्यंत आला. मास्क वर करून सासूबाईंना म्हणाला, "आजी, बसून राहा. आग विझलीय, जिन्यातला धूर जाऊ दे. मग मी स्वतः तुम्हाला खाली नेतो." आणि खुर्चीत बसवून त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं त्यांना खरोखर खाली नेलं.

सकाळी जिना उतरताना पाहिलं ते तुम्ही घर घेताना लक्षात ठेवा. चौथ्या मजल्यावर फायर डोअरला झाडाची कुंडी टेकवून ते कायम उघडं ठेवलेलं. तिथली लॉबी छतापासून जमिनीपर्यंत काळी, दारांवरच्या नावाच्या पाट्यासुद्धा वाचता येत नव्हत्या. आमच्या मजल्यावर फक्त चौकटीभोवती बोटभर काजळी. जिना तोच, धूर तोच, फरक दाराचा. आमच्या मजल्यावरचे एक काका, एसटीतून निवृत्त झालेले, रोज झोपण्यापूर्वी ते दार लावून यायचे. हवा येत नाही म्हणून लोक कुरकुरायचे. मी आता त्यांना भेटेन तेव्हा वाकून नमस्कार करते. आणि हवेसाठी फायर डोअर उघडं ठेवणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गच्चीकडे धावले होते. गच्चीला कुलूप. जवानांनी त्यांना शेवटच्या वळणावरून उचलून आणलं, आयसीयूत राहून ते वाचले.

गोरेगावच्या जय भवानी इमारतीला ऑक्टोबर 2023 मध्ये पहाटे आग लागली, तीही तळमजल्यावरून, पार्किंगमधून. खालची आग जिन्यातून वर येते, म्हणून खाली पळणारा माणूस तिच्याच तोंडात जातो. याउलट आग तुमच्याच घरात असेल तर क्षणभरही थांबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार मागे ओढून घ्या, जिन्यानं उतरा. लिफ्टला हात लावू नका.

घर पाहायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटआधी जिना पाहा. फायर डोअर सोडलं की आपोआप मिटतं का? रिफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची राखीव जागा, मोकळा आहे का? 24 मीटरपेक्षा उंच इमारतीत तो असावाच लागतो, पण कित्येक ठिकाणी तिथे सामान भरलेलं असतं. आग विझवायच्या पाण्याच्या पंपाच्या पॅनलचा स्विच 'ऑटो'वर आहे का? आमच्याकडे तो बंद होता. देखभालीचं कंत्राट होतं, बिलं नियमित येत होती, पण होज रीलचा, म्हणजे मजल्यावरच्या आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपचा, कॉक उघडला तेव्हा पाणी आलं नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटी असेल तर सेक्रेटरींकडे ताजा फॉर्म बी मागा. द्यायला काचकूच केली तर ती बिल्डिंग सोडा, असं मी स्पष्टच सांगेन.

आईंना रस्त्याकडची खोली द्या, डक्टकडची नको. रात्री त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असू द्या. ग्रिल बसवणाऱ्याला एक उघडणारी झडप ठेवायला सांगा आणि तिची किल्ली तिथेच, आईंचा हात पोहोचेल अशा खिळ्याला अडकवा. बॅटरीवरचा स्मोक अलार्मही हॉलमध्ये छताला लावून घ्या, आणि तो वाजला की कुणी आईंकडे जायचं, कुणी 101 लावायचा, हे घरात आधीच ठरवून ठेवा.