डार्विन ते कनुनुरा: आधी उजेडाचा हिशोब

तुमचा बेत मला कळला तो असा: जुलैत आठ दिवस, डार्विनहून भाड्याची गाडी, सोबत पुण्याहून आलेले सत्तरीतले आईबाबा. वाटेतली छोटी गावं बघत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कनुनुरापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. पहिला मुक्काम कॅथरिन (३२० किमी), दुसऱ्या दिवशी 'आरामात निघून' थेट कनुनुरा (५१० किमी). महिना अगदी योग्य निवडलाय. ते 'आरामात' मात्र बेतातून काढा.

कॅथरिनला जुलैत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. राज्याची सीमा ओलांडली की घड्याळ दीड तास मागे जातं. वाटतं, दीड तास फुकट मिळाला, आणि माणसं वाटेतल्या टिंबर क्रीक गावात जेवून रेंगाळतात. पण सूर्य काही घड्याळ बघत नाही. कनुनुराला तो सव्वापाचलाच मावळतो. कॅथरिनहून अकराला निघालात, सहा तास गाडी चालवलीत आणि दोन तास थांबलात, तर पोचताना तिथल्या घड्याळात साडेपाच वाजलेले असतील आणि अंधार पडलेला असेल.

अंधारात गाडी का नको, ते सांगतो. बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कुंपण नाही. संध्याकाळी वॉलबी (छोटे कांगारू) कडेला गवत खायला येतात आणि गुरं तर डांबरावरच उभी असतात. ही वशिंडाची ब्राह्मन गुरं. त्यांच्या पूर्वजांमध्ये गीरबरोबर आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली जातही आहे. अमेरिकेत संकर होऊन १९३३ मध्ये ही ब्राह्मन जात ऑस्ट्रेलियात आली. राखाडी अंगाचं हे जनावर तिन्हीसांजेला रस्त्याच्या रंगात मिसळून जातं. दिसेपर्यंत ब्रेक लावायला उशीर झालेला असतो. शिवाय भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा: गावाबाहेर अंधार पडल्यावर जनावराला धडक बसली, किंवा कच्च्या रस्त्यावर नुकसान झालं, तर विमा लागू नाही असं कलम अनेक करारांत असतं. दुसरं कलम किलोमीटरचं. डार्विनला दिवसाला १०० किमीच मोफत आणि पुढे दर किलोमीटरला पैसे, असे करार सर्रास मिळतात. तुमच्या प्रवासात हा फरक मोठा पडेल, म्हणून अमर्याद किलोमीटरची गाडी थोडी महाग असली तरी तीच घ्या.

दिवसाही एक गोष्ट सांभाळा. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं की वेग कमी करा. त्यावर बसलेला गरुड जड असतो, त्याला उडायला वेळ लागतो आणि तो थेट काचेवर येऊ शकतो.

रोड ट्रेन म्हणजे मागे तीन-चार डबे ओढणारा ट्रक. लांबी ५३.५ मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या चार-साडेचार एसटी एकामागे एक. ओव्हरटेक करायला समोर निदान एक किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. त्याच्या अगदी मागे चिकटू नका, पुढचं काही दिसत नाही. समोरून आली तर डावीकडे राहा, वेग उतरवा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. ती गेल्यावर वाऱ्याचा झोत गाडीला हिसका देतो.

माझं मत: जाताना टिंबर क्रीकला मुक्काम करा. कॅथरिन ते व्हिक्टोरिया रिव्हर रोडहाऊस (रोडहाऊस म्हणजे हमरस्त्यावरचं पंप-हॉटेल) १९५ किमी, तिथून टिंबर क्रीक ९०, पुढे कनुनुरा २२५. पंप या दोन्ही ठिकाणी आहेत, पण रात्री बंद होतात. टाकी अर्धी झाली की भरायची, दर कितीही चढा असो.

गावं छोटी आहेत. भरगच्च 'पॉइंट' शोधायला गेलात तर निराश व्हाल. त्यांच्याकडे थांबून बघायला हवं. अॅडलेड रिव्हर गावच्या युद्धस्मशानभूमीत १९ फेब्रुवारी १९४२ च्या डार्विनवरील बॉम्बहल्ल्यात मेलेले पोस्टातले कर्मचारीही आहेत. पाइन क्रीक सोन्याच्या खाणींचं गाव, १८८९ मध्ये डार्विनहून रेल्वे इथपर्यंत आली. सकाळी लवकर गावातल्या हिरवळीवर हूडेड पॅरट हे दुर्मीळ पोपट उतरतात. आईबाबांना बाकावर बसून दिसतील. कॅथरिनच्या दक्षिणेला १०५ किमीवर मटारांका, तिथल्या बिटर स्प्रिंग्जचं पाणी कोमट आणि काचेसारखं स्वच्छ. टिंबर क्रीकजवळ शोधप्रवासी ग्रेगरीचं बोआब झाड (गोरखचिंचेच्या कुळातलं) आहे, खोडावर जुलै १८५६ ची तारीख कोरलेली. स्थानिक आदिवासींसाठी ती जागा पवित्र आहे, खोडाला हात लावू नका. माणसांचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नका.

मगरींबाबत कुणाचंही 'काही होत नाही' ऐकू नका. व्हिक्टोरिया नदीत खाऱ्या पाण्याच्या मोठ्या मगरी आहेत आणि त्या समुद्रापासून कितीतरी आत, गोड्या पाण्यातही राहतात. काठापासून पाच मीटर लांब थांबा. नदीत हात-भांडी धुणं, होडीच्या उतारावर पाय बुडवून बसणं नको. मगर माणसाची सवय टिपते. त्याच जागी रोज बादली भरायला जाणं सगळ्यात धोक्याचं. पोहायचं फक्त 'खुलं आहे' अशी त्या दिवसाची पाटी असेल तिथे.

खाण्याचं: रोडहाऊसला चिप्स, पाय (सारण भरलेली पेस्ट्री), बर्गर, शाकाहारी जवळपास नाहीच. कुकर, तांदूळ, डाळ, गोडा मसाला घ्या. कॅरव्हॅन पार्कमध्ये सामाईक स्वयंपाकघर असतं. ताजी भाजी कॅथरिनच्या सुपरमार्केटमध्ये घ्या, पण टिंबर क्रीकच्या मुक्कामात संपेल इतकीच. सीमेवर तपासणी नाका आहे: ताजी फळं, भाज्या, मध पलीकडे नेता येत नाहीत. कांदे-बटाटे, मिरच्या, कढीपत्त्याची जुडी सगळं तिथे टाकावं लागेल. टिंबर क्रीकलाच रात्री पिठलं-भात करून मोकळे व्हा.

गावांच्या मधे फोनला रेंज नसते, आणि गावात टेल्स्ट्रा या कंपनीचीच भरवशाची. एक सिम त्याचं घ्या, नकाशे आधी उतरवून ठेवा. माणशी रोज किमान पाच लिटर पाणी, जास्तीचं गाडीत. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. शोध घेणाऱ्या विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आईबाबांसाठी स्वेटर घ्या, कॅथरिनला जुलैत पहाटे १३ अंशांपर्यंत उतरतं.

परतीला हिशोब उलटा. कनुनुराला सहाच्या आधीच उजाडतं. साडेसहाला निघा, कारण सीमेपलीकडे तेव्हाच आठ वाजलेले असतात.