आईचीच किडनी, तरी गोळ्या कशाला?

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या बहुतेक घरांतून हा प्रश्न कधी ना कधी येतोच: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर कशाला? एका काकूंनी तो नेमका विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "ताई, किडनी माझी, पोरगा माझा. माझंच रक्त त्याला परकं कसं होईल?"

त्यांच्या पिशवीत थर्मास होता, त्यात गुळवेलीचा काढा. मुलाला सारखी सर्दी होते म्हणून रोज सकाळी कपभर. रात्रीची गोळीही अधूनमधून त्याच चुकवायला लावत. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला. पण जिने स्वतःची किडनी काढून दिली, तिला निष्काळजी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून आधी प्रश्नाचं उत्तर दिलं. मुलाला आईकडून निम्माच वारसा मिळतो. आईच्या पेशींवरच्या ज्या खुणा त्याच्याकडे आल्याच नाहीत, त्या त्याच्या पांढऱ्या पेशींना परक्याच. नातं त्यांना कळत नाही. 1954 साली बोस्टनमध्ये एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली तेव्हा अशी औषधं लागली नाहीत, कारण ते हुबेहूब जुळे होते. 1959 साली तिथेच हुबेहूब नसलेल्या जुळ्यांची पाळी आली, तेव्हा आधी रुग्णाच्या अंगभर क्ष-किरण सोडले, म्हणजे अस्थिमज्जेत नव्या पांढऱ्या पेशी तयारच होऊ नयेत. तो वाचला. हेच उपचार घेतलेले बाकीचे बहुतेक मात्र दगावले, कित्येक जण जंतुसंसर्गाने. किरण सरसकट सगळंच झोपवतात.

गोळ्या त्या मानाने नेमक्या. टॅक्रोलिमसमुळे टी-पेशींना (परक्यावर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी) हल्ल्याचा निरोप पुढे धाडता येत नाही, मायकोफेनोलेटमुळे त्यांची संख्या वाढत नाही. पण रक्तात औषध टिकून असेल तोवरच. म्हणून सकाळी आठ, रात्री आठ. एखादी चुकली तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही, आणि खरी फसगत इथेच होते. रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, सुरू झालं तरी बरेचदा दुखत-खुपत नाही, लघवीही होत राहते. कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढल्यावर.

"म्हणजे काढा चांगला असेल तरी वाईटच?"

"जितका चांगला, तितका वाईट," मी म्हटलं. तो खरोखरच प्रतिकारशक्ती वाढवत असेल, तर ती तुमच्याच किडनीवर उठेल.

सर्दीचं डॉक्टरांना सांगायचं ठरलं. डोस कमी करायचा की नाही, हे रक्तातली औषधाची लेव्हल बघून तेच ठरवतील. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, हेही मुलाला पुन्हा सांगितलं. अनेक जण गोळी घेऊनच येतात. ताप आला तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन.

काकूंची यादी अजून संपली नव्हती. भाजीतली हळद? चालेल. आल्याचा चहा? चालेल. पपनस? नाही, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढू शकते.

"अगं बाई, दारातच झाड आहे!"


मुलगा पहिल्यांदा हसला. "मग तूच खा की सगळी."